मदत हवी आहे : बाजूला व्हायची मुभा असून माणसं का थांबली?

नमस्कार मंडळी. जर्मन पोलिसांच्या १०१ क्रमांकाच्या राखीव बटालियनबद्दल वाचतोय. बहुतेक हॅम्बुर्गची, मध्यमवयीन, घरसंसारातली माणसं. १३ जुलै १९४२ला पोलंडमधल्या युझेफुफ गावातल्या ज्यूंना मारायचा हुकूम आला. बटालियनचा प्रमुख मेजर ट्राप रडवेला होऊन आपल्या माणसांना म्हणाला, तुमच्यातल्या वयस्करांपैकी ज्यांना झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. सुमारे ५०० जणांतले जेमतेम डझनभर झाले. त्या दिवशी निदान १५०० जीव गेले, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे.

ज्यूद्वेष होताच, पण तेवढ्यानं भागतं? की सोबत्यांपुढे भेकड ठरायची लाज? शेजारी बायकोला मारतो तेव्हा दार लावून घेणारे आम्ही (हो, मीसुद्धा) त्याच जातकुळीचे, की ही तुलनाच चुकतेय? मानसशास्त्रवाल्यांनी जरा समजावाल का? मराठीत काही वाचायला असेल तर तेही सुचवा.