सुरीच्या पात्यावरील काळा लेप घरी कसा काढावा?

प्रश्न (भुसावळ): केळीच्या बागेत वापरत असलेल्या माझ्या कार्बन स्टीलच्या सुरीवरचा काळा लेप जागोजागी उडाला आहे. तो पूर्ण काढून पाते हाताने चकचकीत करायचे असल्यास सुरुवात कशी करावी?

उत्तर (जळगाव): आधी लेप कोणता ते ओळखावे. रंगासारखा जाड लेप पेंट रिमूव्हरने सुटतो, मात्र हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. ऑक्साइडचा (पोलादाच्या पृष्ठभागावरच रसायनाने तयार केलेला) पातळ काळेपणा व्हिनेगरमध्ये भिजवून पुसता येतो. त्यानंतर धारेवर चिकटपट्टी लावून, लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला २२० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत एकाच दिशेने फिरवावा, आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय ४००, ८००, १५०० या अधिकाधिक बारीक पेपरांकडे जाऊ नये. घाई करणाऱ्यांचे काम नेमके येथेच फसते.

उत्तर (धुळे): ग्राइंडर लावू नये. पाते निळसर होईपर्यंत तापले, तर त्याचे पाणी (पोलादाला दिलेला कडकपणा) उतरते आणि धार टिकत नाही.

उत्तर (शिरपूर): लेपासोबत गंजापासूनचे संरक्षणही जाते. केळीच्या चिकाने उघडे पोलाद काळवंडते, त्यामुळे बागेतल्याच कामासाठी सुरी असेल, तर मी चकाकीच्या नादी लागणार नाही. तरीही करायचे असल्यास प्रत्येक वापरानंतर ती धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवावा.