मदत हवी आहे: भर दुपारी सोलरचा इन्व्हर्टर बंद पडतोय

मंडळी, मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. घरावर ३ किलोवॅटचं ऑन-ग्रिड (विजेच्या लाईनला जोडलेलं) सोलर बसवून आठ महिने झाले. सकाळी झकास चालतं, पण कडक उन्हात इन्व्हर्टरवर लाल दिवा लागतो आणि 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज' येतं, म्हणजे लाईनचं व्होल्टेज जास्त. काल मीटर लावून बघितलं तर २५८ व्होल्ट! मर्यादा २३० च्या वर दहा टक्के, म्हणजे २५३. फ्रिक्वेन्सी मात्र ४९.९८ हर्ट्झ, नेहमीच्या ५० च्या जवळच, म्हणजे दोष अख्ख्या ग्रिडचा नाही, आमच्याच लाईनचा.

आमच्या टीसीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) आता पाच घरांचं सोलर आहे आणि आमचं घर शेवटच्या खांबावर. दुपारी वापर कमी, वीज उलटी टीसीकडं जाते, तार बारीक, मग शेवटाला व्होल्टेज चढतं. शेजारच्या रानातला पंप सुरू झाला की लगेच उतरतं.

बसवणारा म्हणतो, इन्व्हर्टरची मर्यादा २७० करून देतो. मला हे अजिबात पटत नाही. शेजाऱ्यांचे फ्रीज जळाले तर?

बेळगाव, निपाणीकडं कुणी टीसीचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) खाली करून घेतलाय का? की तार बदलायलाच सांगावं? इन्व्हर्टरमधलं व्होल्ट-वार सेटिंग (व्होल्टेज चढलं की रिअॅक्टिव्ह पॉवर ओढून ते खाली आणायचा प्रयत्न करणारं) कुणी वापरलंय? अर्ज कन्नडमधून लिहून देणारं कुणी असेल तर कृपया सांगा.