मदत हवी आहे : वृषणाला पीळ पडल्यानंतर मुलाची पुढील काळजी
आम्ही भांडुपला राहतो. मागील महिन्यात माझ्या १३ वर्षांच्या मुलाला पहाटे ओटीपोटात असह्य वेदना व उलट्या सुरू झाल्या. संकोचामुळे त्याने खरी जागा सांगितली नाही आणि आम्हीही अपचन समजून दुपारपर्यंत थांबलो, याचे दुःख अजून जात नाही. डॉप्लर सोनोग्राफीत वृषणाचा रक्तप्रवाह पीळ पडून थांबल्याचे दिसले. साधारण ६ तासांच्या आत पीळ सोडवल्यास वृषण बहुधा वाचते. आम्हाला त्याहून बराच उशीर झाला होता, म्हणून डावे वृषण काढावे लागले आणि उजव्यालाही तसाच पीळ पडू नये यासाठी ते त्याच वेळी टाके घालून स्थिर करण्यात आले.

एका निरोगी वृषणावर मुलाची वाढ व पुढे पितृत्व सहसा शक्य असते, असे डॉक्टरांनी समजावले आहे. तरीही ज्यांच्या मुलांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी कृपया सांगावे : कबड्डीसारखे खेळ केव्हा सुरू केले, खेळताना संरक्षक कप वापरला का, आणि कृत्रिम वृषणाचा निर्णय वाढ पूर्ण होईपर्यंत लांबवला का? मुलगा सध्या मित्रांमध्ये मिसळत नाही. मुलुंड ते दादरदरम्यान किशोरवयीन मुलांशी मोकळेपणाने बोलणारे समुपदेशक कोणास माहीत असल्यास जरूर कळवावे.