भावंडांचे फोटो एकाच ऑर्डरमध्ये कसे घ्यायचे?

नेरुळच्या एका शाळेतल्या ६४० मुलांचे फोटो काढलेत. ऑनलाइन प्रूफ गॅलरीत, म्हणजे पालक जिथे फोटो पाहून ऑर्डर देतात तिथे, प्रत्येक मुलाला वेगळा कोड आहे. त्यामुळे दोन मुलं असलेल्या पालकांना दोन ऑर्डर, दोनदा कुरिअरचा खर्च. वैतागून फोन करतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

आडनावावरून जोडून पाहिलं, तर दुसरीतला पाटील भलत्याच पाटलांच्या घरी दिसायला लागला! लगेच बंद केलं. पालकांचे मोबाइल नंबर शाळा देणार नाही, तेही बरोबरच. कोडच्या चिठ्ठ्या वाटून झाल्यात, निम्म्या ऑर्डर आल्यात, म्हणून कोड बदलणं शक्य नाही.

पालकांना स्वतःच दुसऱ्या मुलाचा कोड त्याच कार्टमध्ये टाकता यावा, ही सेटिंग साधारण कुठे असते, गॅलरीच्या परवानग्यांत की ऑर्डरच्या भागात? आणि मधेच चालू केली तर आधीच्या ऑर्डर शाबूत राहतात का?