मदत हवी आहे: पूल नूडल (फोमच्या लांब नळ्या) लोखंडी अँगलवर उन्हात टिकवायचे कसे?

पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात अंगणवाडीच्या ओसरीला पाच लोखंडी अँगलचे खांब आहेत. धार बरोबर लेकरांच्या कपाळाच्या उंचीला येते. मागच्या महिन्यात पळताना एका पोराचं कपाळ फुटलं, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

भावानं नागपूरहून पोहायच्या तलावातले फोमचे नूडल आणले, दीड मीटर लांब, मधे भोक असलेले. ब्लेडनं लांबीत एकच चीर दिली की अँगलच्या कडेवर छान बसतात. बसतात, पण राहत नाहीत. फेव्हिकॉल धरतच नाही, वाळला की पापडासारखा सुटून येतो. खोक्याची खाकी टेप दुपारच्या उन्हात सैल पडून घसरली, मागं नुसता चिकटा राहिला. सुतळीनं आवळलं तर ती फोममध्ये रुतते आणि पोट्टे गाठ सोडतात. बाइंडिंग तार नको, टोकं हाताला लागतात.

ओसरी पश्चिमेला आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हानं फोमचा भुगा होतो आणि लेकरं तो तोंडात घालतात, म्हणून वरून आवरण हवंच. खर्च तीनशे-चारशेच्या आत, सामान तालुक्याला मिळेल असं. खांबांना भोकं पाडायची परवानगी नाही.

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या तर चालेल का, की त्या उन्हात तापून लेकरांना चटका देतील? कुणी ताडपत्री किंवा जाड कापडाची खोळ शिवून बसवली असेल, तर ती खाली घसरू नये म्हणून काय केलं?