अराउ कासवाची आई पिल्लांसाठी खरंच थांबते का?

मोरजेचो: आमच्या गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री येते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. पिल्लांचं पुढे काय झालं, तिला ठाऊक नसतं. परवा ऐकलं, ॲमेझॉनमधलं अराउ कासव पिल्लांसाठी नदीतच थांबतं आणि पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात. कासवाला आवाज असतो हेच मला नवीन. कुणाला माहीत आहे का?

सत्तरीची बाई: खरं आहे. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, या कासवावर माझा भारी जीव. पाणी ओसरलं की माद्या झुंडीने नदीतल्या वाळूवर अंडी घालतात आणि मग जवळच्या पाण्यात राहतात. ब्राझीलच्या त्रोंबेतास नदीत संशोधक कामिला फेरारा आणि सहकाऱ्यांनी पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे माइक, सोडले. पिल्लांचे आवाज अंडी फुटायच्या आधीपासून मिळाले, पाण्यात माद्यांचेही. आवाज इतके खालच्या पट्टीतले की काठावरून काही कळू नये. शोधनिबंध २०१३ चा. पिल्लं माद्यांबरोबरच पुराच्या पाण्यातल्या जंगलाकडे जातात, तिथे गळून पडलेली फळं खायला.

आणखी एक. मागच्या पावसात शेताच्या मेरेवर मऊ पाठीचं कासव सापडलं. हात लावताच मान सरळ आत ओढली. अराउला ते जमत नाही, ते मान कडेला दुमडून पाठीच्या काठाखाली लपवतं. (आमचं कासव ओहोळात सोडलं. घरी ठेवू नका, कायद्याने गुन्हा आहे.)

पेडण्याचा: जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुंबोल्ट १८०० साली दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीवर गेला, तेव्हा लोक या अंड्यांचं तेल काढत होते, दिव्यासाठी. आपल्याकडेही अंडी खायचेच की. आता तीच गावं राखण करतात.

मोरजेचो: बाई, उपकार झाले. आमच्या पिल्लांनाही आवाज असेल?

सत्तरीची बाई: लेदरबॅक या समुद्री कासवाच्या घरट्यांत २०१४ साली आवाज टिपलेत. आई मात्र तिथे नसते. पिल्लं एकमेकांना सांगत असावीत, चला आता, असं मला वाटतं.

मोरजेचो: गेल्या वर्षी पहाटे घरट्याच्या कुंपणाजवळ बसलो होतो. वाळू मधोमध बशीसारखी खचली, अर्धा तास काहीच नाही, मग सगळी एकदम वर. तो अर्धा तास मी शेजाऱ्याशी मोठमोठ्याने गप्पा मारत होतो. यंदा गप्प बसेन.