इंटरव्ह्यू घेतला आणि 'मेरिट' या शब्दावर अडकलोय

कुर्लेकर:
गेल्या आठवड्यात फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतले, जागा एकच. एक मुलगा ताडदेवचा, दोन इंटर्नशिप केलेल्या, दोन्ही बिनपगारी, इंग्रजी एकदम फाडफाड. दुसरी मुलगी मानखुर्दची, वडील रिक्षा चालवतात, कॉलेज सुटलं की ही एका क्लासमध्ये शिकवायची, लेखी टेस्टला तिला जास्त मार्क पण तोंडी विचारलं की अडखळत होती. पॅनेल म्हणालं मुलगा मेरिटवर क्लिअर आहे, मीही सही केली. घरी येताना ट्रेनमध्ये तेच डोक्यात, सहा महिने फुकट काम करता येणं हे त्याचं मेरिट की त्याच्या बाबांचं? तुम्ही काय केलं असतं?

नायगावचा:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी बीडीडी चाळीत वाढलो, १६० चौरस फुटांत सात माणसं, अभ्यास गॅलरीत नाहीतर दादरच्या ग्रंथसंग्रहालयात. कोणी हात धरला नाही. क्लायंटसमोर बोलता येत नसेल तर ऑफिसने काय करायचं? परिस्थिती बघून मार्क द्यायचे तर मेहनतीला किंमत काय राहिली.

काळाचौकीची ताई:
भाऊ, तुमच्या मेहनतीबद्दल प्रश्नच नाही. माझ्या घरचं सांगते. बाबा गिरणीत कायम होते. मोठा भाऊ संपाआधीच एसएससी झाला, आयटीआय केलं, रेल्वेत लागला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, मी तेव्हा सहावीत. आई डबे करायला लागली, मी पोळ्या लाटायला बसले, शाळा सुटली ती सुटलीच, पुढे दहावी केली नाईट स्कूलमधून. आईबाप तेच, खोली तीच, गणितात तर मीच पुढे होते. फरक काय तर त्याच्या वेळी पगार येत होता. घरात आजही म्हणतात, तो हुशार होता.

मुलुंड_ईस्ट:
ताईंचं वाचून गप्पच झालो. आमच्या सोसायटीत दोन गाड्यावाला पण स्वतःला मिडल क्लास म्हणतो आणि आमचा वॉचमन पण, त्यामुळे कोण किती पुढून धावायला लागला ते दिसतच नाही. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबचा २०२४ चा अभ्यास आहे, २०२२-२३ मध्ये वरच्या १ टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा. जात तर अजून वेगळीच, त्यावर बोलायला बसलो तर रात्र जाईल. कुर्लेकर, एक करा, त्याची इंटर्नशिप अनुभव म्हणून धरली ना, मग तिचं क्लासमध्ये शिकवणं पण धरा. चाळीस पोरांसमोर उभं राहून शिकवणारीला बोलता येत नाही असं कसं?

नायगावचा:
ताई, माझे बाबा पोर्ट ट्रस्टमध्ये कायम होते. एक तारखेला पगार घरात. हे मी कधी मोजलंच नव्हतं. बोलता आलं पाहिजे हा मुद्दा मात्र सोडत नाही.

कुर्लेकर:
मी तिला क्लासबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता, आत्ता लक्षात आलं. ऑफर लेटर अजून गेलेलं नाही. उद्या एचआरला सांगतो, दोघांनाही परत बोलवा, बोर्डासमोर उभं करून एक विषय शिकवायला लावतो, भाषा ज्याची त्याने ठरवावी.